टपातली मोहरी

आमच्या गाडीचा टप उघडायचा. एवढ्या एका गोष्टीनं मंगळवार पेठेत आमची जितकी अब्रू वाढली, तितकेच घरात माझ्या नाकी नऊ आले.

गाडीची बाकीची दुखणी मी सोसली असती. ती थंडीत सुरू व्हायची नाही, पन्हाळ्याच्या चढाला उकळायची, पावसात तिचा वायपर मध्येच थांबून एका बाजूला बोट दाखवत उभा राहायचा. सासऱ्यांनी एका जहागीरदारांकडून घेतलेली जुनी विलायती गाडी, ती आणखी वेगळं काय करणार? तिच्याशी माझं भांडण नव्हतं. भांडण टपाशी होतं. पुढच्या सीटच्या वर छताला एक चौकोनी भोक आणि त्यावर सरकता पत्रा. आतून एक मूठ होती. ती अर्धी फिरवली की पत्र्याची मागची कड दोन बोटं खाली बसायची. मग हातानं रेटलं की तो पत्रा दोन बाजूंच्या दोन रुळांवरून मागं छताच्या पोटात जायचा. विलायतेत म्हणे ऊन पडलं की लोकांना आनंद होतो, त्यांच्यासाठी ही सोय. कोल्हापुरात ऊन डोक्यावर घ्यायला टप कशाला उघडायला हवा?

पण पेठेला तो उघडा हवा होता. आमच्या गल्लीत नवरदेव घोड्यावर बसायचे बंद झाले. ते आमच्या गाडीत बसायचे, म्हणजे बसायचे नाहीत, सीटवर बूट ठेवून टपातून कमरेपर्यंत बाहेर निघायचे आणि दोन्ही बाजूंना हात जोडत वरात फिरवायचे. नवरी खाली बसून त्यांच्या गुडघ्यांकडं बघत असायची. तालमीतला कुणी पैलवान मैदान मारून आला की तोही तिथंच, खांद्यावर गदा घेऊन. मग वरातीत अक्षता, मिरवणुकीत गुलाल, दोन्हींत झेंडूच्या पाकळ्या. हे सगळं पडायचं कुठं? गाडीवर. आणि गाडीवर पडलेलं जायचं कुठं? टपाच्या फटीत.

माझ्या नवऱ्याला मी वकीलसाहेब म्हणते. कोर्टात ते भल्याभल्यांना गप्प करायचे आणि गल्लीतलं कुणी गाडी मागायला आलं की स्वतःच गप्प व्हायचे. किल्ली मात्र खिशातून आपोआप बाहेर यायची. भीड भिकेची बहीण म्हणतात, आमच्याकडं ती घरजावई होऊन राहिली होती.

"आपल्याला पेठेत राहायचंय," ते म्हणायचे.

"राहा की. टप काढून त्यांना द्या, खालची गाडी मला द्या."

ते हसायचे. मी हसण्यासाठी बोललेले नसायचे.

ती गाडी चालवायची मीच. सासऱ्यांनी मला रंकाळ्याच्या बाजूला नेऊन शिकवलं होतं, कारण मुलगा स्टिअरिंगवर बसला की त्यांच्या छातीत धडधडायचं. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे आणि रोज गाडी घेऊन जायचे. एका जुलैत शाळेला निघाले, तर आरशाच्या वरून थेंब. लाल. बघता बघता माझ्या पांढऱ्या साडीवर मांडीभर गुलाबी डाग. तालमीच्या पैलवानाचा गुलाल चार महिने टपात बसून होता, तो माझ्यावर उतरला. वर्गात गेले तर पोरी तोंडावर ओढणी धरून. त्या दिवशी मी भूगोल शिकवला, पण कुणी ऐकला नाही.

गळणं पावसाळ्यापुरतं, खडखड मात्र बारमाही. तो पत्रा रुळांत सैल झाला होता आणि रस्त्यात जरा खडा आला की वाजायचा. साधा नाही, रिकाम्या डब्यात दगड घालून पोरं हलवतात तसा. आमच्या मुख्याध्यापिका म्हणायच्या, "तुम्ही आलात की शाळेला दोन मिनिटं आधी कळतं. घंटेचं काम वाचलं." वकीलसाहेबांनी त्यावर उपाय म्हणून फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या. पहिल्या पावसात त्या फुगल्या, लगदा झाल्या आणि आत कुठं तरी जाऊन बसल्या. खडखड होती तशीच राहिली आणि गळणं दुप्पट झालं.

वेल्डिंग मारून हा टप कायमचा बंद करा, असं मी शंभरदा तरी म्हटलं असेल. शंभरही वेळा ते मनापासून नव्हतं. कारण मला स्वतःलाच तो टप हवा होता. माझ्या आईसाठी.

आई मुरगूडला एकटी राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि मी एकुलती एक. तिला बंद गाडीत दम कोंडायचा, पोटात ढवळायचं. एसटीत खिडकीशी बसवली तरी पुढच्या थांब्याला उतरून चालत माघारी यायची. आमच्या गाडीत मात्र टप उघडा असला की ती मान मागं टाकून आभाळाकडं तोंड करून बसायची आणि मुरगूड ते कोल्हापूर एकदाही तोंडाला पदर लावायची नाही. जहागीरदारांना, पैलवानांना, नवरदेवांना तो टप मिरवायला होता. आईला तो श्वास घ्यायला होता.

आणि आता तिला कोल्हापुरात आणायचं होतं ते डोळ्यांसाठी. त्या पावसाळ्यात बोलता बोलता ती एकदाच म्हणून गेली, की जरा धुरकट दिसतंय. मी कान टवकारले तसे तिनं शब्द गिळले. मग कितीही विचारा, कबूल करेना. कारणही मला ठाऊक होतं. वडील गेले तेव्हापासून आमचा करार होता, तिनंच ठरवलेला.

"डोळं हैत तवर मी हितंच," ती म्हणायची. "डोळं गेलं की मग ने मला कुटं न्यायचं तिकडं."

म्हणजे डोळे गेले असं मान्य करणं म्हणजे घर सोडणं. तिची चूल, तिचं परडं, परड्यातला कढीपत्ता, शेजारणीशी रोजचं भांडण, सगळं. मी डॉक्टरांचं नाव काढलं की ती एकच हुकमी पान टाकायची. मी एक रविवार सोडून एक रविवार जायचे. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवायचे, तर आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभीच.

"येशीपास्नंच दिसली बघ मला गाडी," ती म्हणायची. "आंदळ्या बाईला येशीपास्नं गाडी दिसती व्हय गं?"

वकिलाची बायको असून मी दर खेपेला हा खटला हरायचे.

निघताना तिची आणखी एक रीत होती. मी गाडीत बसले की टप उघडायला लावायची, म्हणजे तिला वरून माझ्या डोक्यावर हात ठेवता यायचा. मग मीठ-मोहरीची मूठ माझ्यावरून आणि गाडीवरून ओवाळायची. जगातल्या बायका दृष्ट काढून ती चुलीत टाकतात. आईचं म्हणणं, लेकीला लागलेली नजर मी घरातल्या चुलीत कशाला घेऊ? ती माझ्या खिडकीशी उभी राहून गाडीवरून पलीकडच्या गटारात मूठ भिरकावायची. घरी आल्यावर मला कधी कधी पलीकडच्या सीटवर मोहरीचे दाणे सापडायचे. मी वकीलसाहेबांच्या नावानं खडे फोडायचे, की बाजाराची पिशवी नीट धरता येत नाही. ते बिचारे कबूलही करायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी डॉक्टरांकडून सोमवार ठरवून घेतला. आईला डोळ्यांचं काही बोलले नाही. अंबाबाईच्या दर्शनाला चल म्हटलं, तर लगेच तयार झाली. शनिवारी गल्लीत लग्न होतं. गाडी गेली होती हे सांगायला नकोच. संध्याकाळी परत आली ती अक्षतांनी भरलेली. मी काही बोलायच्या आत वकीलसाहेबांनी बाह्या सरसावल्या आणि मला खूश करायला गाडी धुवायला काढली. टपावर बादल्यांवर बादल्या पाणी. गाडी अशी लखलखली की मी खरंच खूश झाले आणि चहा करून दिला. तो चहा मला आजही पचलेला नाही.

रविवारी सकाळी मूठ फिरवली. फिरली. पत्रा रेटला, तर तसूभर हलेना.

अक्षता म्हणजे तांदूळ, आणि तांदूळ रात्रभर भिजला की काय होतो हे आमच्या घरात माझ्याखेरीज कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण त्या वेळी माझ्याही डोक्यात ते आलं नाही. वकीलसाहेबांनी आधी खोबरेल तेल घातलं. मग गोडेतेल. मग शेजारच्या स्कूटरवाल्याकडून ग्रीसचा डबा आणून बोटानं जिथं जाईल तिथं भरलं. तोपर्यंत रस्त्यात पंधरा माणसं जमली होती. आमच्या पेठेत आजारी माणसापेक्षा बंद पडलेल्या गाडीला भेटायला जास्त लोक येतात.

"वकीलसाहेब, उनात लावा. पत्रा सुटतोय आपसूक."

"उनानं आनि फुगंल की! गार पानी मारा."

"खालनं दनका द्या. त्याबिगार न्हाई व्हायचं."

दणका द्यायला तो मघाचा पैलवानच आला, लाल पाण्यातला. आत वाकून बसला, मान पत्र्याला लावली आणि "जय बजरंग" म्हणून उठला. सीटची स्प्रिंग टण्णकन वाजली. पत्र्याला मध्ये खोबऱ्याच्या वाटीएवढं टेंगूळ आलं. पत्रा जागचा हलला नाही. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, तशी सगळी गत. दुखणं रुळात आणि सगळे पत्र्याला बडवताहेत.

अकरा वाजले. आई तिकडं तांब्या भरून, नवं लुगडं नेसून बसली असणार. मी स्टॅंडवर जाऊन मुरगूडच्या एसटीच्या कंडक्टरला निरोप दिला, की गाडी बिघडली, पुढच्या रविवारी येते. डॉक्टरांनाही आठवड्यानं येतो म्हणून कळवलं. घरी येऊन मी त्या टपाला जे बोलले ते शाळेतल्या बाईच्या तोंडी शोभण्यासारखं नव्हतं. वकीलसाहेब पान वाढून घेऊन एकटेच जेवले.

सोमवारी मी कुणाला न विचारता गाडी मिस्त्रींकडं नेली. हे वयस्कर मुसलमान मिस्त्री. त्यांच्या आजोबांनी संस्थानच्या बग्ग्यांचे टप शिवलेले, वडिलांनी मोटारींचे, आणि हे आता ट्रकच्या ताडपत्रीपासून रिक्षाच्या हुडापर्यंत सगळं करायचे. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मला ते बाई म्हणायचे आणि माझ्यासमोर बिडी विझवायचे. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मला एक चक्कर मारून आणायला लावली. स्वतः शेजारी डोळे मिटून बसले. परत आल्यावर टपाच्या कडेनं बोट फिरवलं, नाकाशी धरलं.

"त्याल कुनी घातलं?"

"वकीलसाहेबांनी."

"आन ग्रीस?"

"त्यांनीच."

"ग्रीस म्हंजी धुळीला आवतान हाय, बाई. वकीलसाहेबास्नी म्हनावं, तुमी कोर्टातच बरं." इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं बोललेला तो पहिला माणूस.

त्यांनी आतल्या कडेच्या लाकडी पट्ट्या काढल्या, छताचं कापड सोडवलं, अटकाव्याचे स्क्रू काढले आणि पत्रा पुढून उचलून बाहेर घेतला. तेव्हा मला पहिल्यांदा टपाच्या पोटातलं दिसलं. भोकाभोवती एक पत्र्याची पन्हळ, तिच्या चार कोपऱ्यांतून चार नळ्या, दारांच्या खांबांतून खाली गेलेल्या. म्हणजे टपात पाणी यायचंच, फक्त ते या नळ्यांतून जमिनीवर जायला हवं. चारही नळ्यांची तोंडं बुजलेली. मिस्त्रींनी डावा रूळ उलथन्यासारख्या पात्यानं खरवडला आणि निघेल ते वर्तमानपत्रावर काढून ठेवलं.

वर फुगलेला तांदूळ, तेलात मळलेला. त्याखाली गुलालाचा थर, वाळून दगड झालेला.

"ह्यो त्या गदा जिंकल्याला," मिस्त्री म्हणाले. "तीन वरसं झाली की न्हाई? मीच हुतो मिरवनुकीत. आन ह्ये बघा."

त्यांनी पात्याच्या टोकानं दाखवलं. तांदळात, गुलालात, गुलालाच्याही खाली, काळे बारीक दाणे. आणि रुळाला चिकटलेली पांढरट खरड. मिस्त्रींनी ती बोटाला लावून जिभेवर ठेवली.

"मीठ," ते म्हणाले. "रूळ खाल्लाय त्यो गुलालानं न्हवं. मिठानं. उजव्या रुळाला काय बी न्हाई, बगा. डावाच सडलाय. दृष्ट काडतं का कोन ह्या गाडीची?"

सगळं एकदम उलगडलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे इतकी वर्षं मी नवरा, पेठ, तालीम, सगळ्यांशी भांडले, आणि टप सडवला तो माझ्या आईनं! लेकीला नजर लागू नये म्हणून.

"आई काढते. उकिरड्यात टाक म्हटलं तरी ऐकत नाही," मी म्हणाले. "गाडीवरून पलीकडं फेकते. मुळातच धांदरट आहे ती."

मिस्त्रींनी पातं फडक्याला पुसलं.

"धांद्रट मानूस एकांद्या बारीला चुकतंय, बाई," ते म्हणाले. "ह्ये तळापास्नं वरपतूर हाय. तीन वरसं नेम चुकतुया."

हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. ते इतकं उघड सांगत होते की वर्गात अशी ढ मुलगी असती तर मी तिला बाकावर उभी केली असती. पण राग आला की मला फक्त राग दिसतो. मी म्हणाले, "सांगते तिला या खेपेला चांगलं," आणि पुढचं काम काय ते विचारायला लागले.

काम चार दिवस चाललं. मी शाळा सुटली की तिथं जाऊन बसायचे, कारण मला आता हा टप कुणावर सोपवायचा नव्हता. मिस्त्रींनी रुळांचा गंज घासला, खाल्लेल्या जागी पितळी पट्टी बसवली, कडेचा कुजलेला नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी, काढून नवा चिकटवला. स्कूटरच्या ब्रेकची तार नळ्यांत घालून फिरवली, सायकलच्या पंपानं हवा मारली. तिसऱ्या नळीतून वर्तमानपत्राचा लगदा निघाला, त्यावर एका खटल्याच्या बातमीचे दोन शब्द अजून वाचता येत होते. पैलवानाचं टेंगूळ लाकडी हातोडीनं बसवलं. शेवटी त्यांनी खिशातून साधी मेणबत्ती काढली आणि दोन्ही रुळांवर घासली.

"त्याल न्हाई, ग्रीस न्हाई. म्हैन्याला फडकं मारायचं आन मेन लावायचं. चारी कोपऱ्यांत तांब्या-तांब्या पानी वतायचं आन गाडीखाली बघायचं. चार जागी पडलं तर टप निरोगी. तीनच जागी पडलं तर एक नळी आजारी. समजलं?"

समजलं होतं. ती गाडी विकेपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गाडीखाली वाकून चार डबकी मोजली आहेत. वकीलसाहेबांना तेव्हा अंगणातही यायची परवानगी नसायची.

मूठ फिरवली आणि एका बोटानं पत्रा मागं गेला. पुढं आणून बसवला, तर मिस्त्रींनी त्यावर थापटी मारली. आवाज नाही. गच्च.

रविवारी मी निघाले. कागल मागं पडलं, रस्ता खराब झाला, आणि गाडी गप्प. इतकी वर्षं त्या खडखडीला मी शिव्या दिल्या होत्या, तरी ती नाही म्हटल्यावर गाडीत कुणी तरी बसायचं राहून गेल्यासारखं वाटत होतं. मी वाटभर आईला काय काय सुनवायचं त्याची उजळणी करत होते. की तुझ्या दृष्टीनं माझ्या टपाचं वाटोळं झालं. की चार दिवस मी त्या दुकानात स्टुलावर बसून काढले. की आता गाडीवरून एक दाणा जरी टाकलास तर याद राख. भाषण मुद्देसूद तयार झालं होतं.

गल्लीच्या तोंडाशी वळले. फरशीवरून चाकं गेली, पण वर काही वाजलं नाही. दारात कुणी नव्हतं. मला वाटलं, मागच्या रविवारसाठी रुसलीय. मग ती दिसली, बाहेरच्या कट्ट्यावर उन्हात, नवं लुगडं नेसून, पुढ्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा. ती दर्शनाला जायची तयारी करून बसली होती. मी गाडी तिच्यासमोर, चार हातांवर थांबवली आणि बंद केली.

शेंगा फोडायची ती थांबली. तोंड वर केलं आणि सरळ माझ्याकडं बघितलं. काच खाली होती. आमच्यामध्ये फक्त सकाळचं स्वच्छ ऊन होतं.

"कोन पावनं?" आई म्हणाली. "कुनाकडं आलायसा?"

माझं भाषण कुठल्या कुठं गेलं. ती मला बघत नव्हती. गेल्या किती रविवारी बघितलं नव्हतं? तिला वेशीपासून कधी गाडी दिसलीच नव्हती, ती फक्त ऐकू यायची. मी खुशाल तिला जिंकू देत होते, आणि माझ्या टपाची खडखड तिची साक्षीदार होती. तो साक्षीदार मीच चार दिवस बसून गप्प केला होता.

"आई, मी" एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. पण तसं म्हटलं असतं तर मला कळलंय हे तिलाही कळलं असतं. आणि मग तिथं, दारातच, तिचं घर गेलं असतं.

ती अजून उत्तराची वाट बघत होती. एक हात शेंगांवर, जरा घाबरलेला. मी हात वर नेला, मूठ अर्धी फिरवली. पत्र्याची मागची कड सुटून खाली आली. दोन्ही हातांनी पत्रा धरला आणि जीव खाऊन हलवला. खड्खड्, खड्खड्, खड्खड्.

आईचं तोंड उजळलं.

"आलीस व्हय गं!" सूप बाजूला ठेवून ती उठली. "येशीपास्नंच दिसली बघ मला गाडी!"

"दिसणारच की तुला," मी म्हणाले, आणि तोंड फिरवून गाडीतून उतरले.

त्या सोमवारी डॉक्टरांनी बघितलं. एक डोळा ऑपरेशन करून वाचला. दुसऱ्याबद्दल ते म्हणाले, दोन वर्षं आधी आणलं असतं तर, आणि त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. मी घरी येऊन वकीलसाहेबांवर उगाचच खेकसले. माझ्यावर खेकसायला कुणी नव्हतं. वाचलेल्या डोळ्याच्या जोरावर आई आणखी काही वर्षं आपल्या घरात राहिली, शेजारणीशी भांडत.

पण ते सगळं नंतरचं. त्या रविवारी तिनं कुलूप लावलं, बोचकं मागच्या सीटवर ठेवलं, आणि गाडीत बसायच्या आधी म्हणाली, थांब. मी स्टिअरिंगवर बसले. टप उघडला. ती कमरेच्या पिशवीतून मूठ भरून घेऊन माझ्या खिडकीशी आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग ओवाळलं, तीनदा, ओठांत काही पुटपुटत. मी तिचा हात धरू शकले असते. उतरून तिला पलीकडं नेऊ शकले असते. मिस्त्रींचे चार दिवस, नवी पितळी पट्टी, नवा नमदा, सगळं डोळ्यांसमोर होतं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

तिनं मूठ भिरकावली. मीठ-मोहरी टपात तडतडली, डाव्या रुळात गेली, थोडी सीटवर सांडली.

"पडली का गं पल्याड?" आईनं विचारलं.

"पडली की," मी म्हणाले. "नेमकी गटारात. बस आता."